बदली

अशोक चौकाच्या मागं, गुंडेटी टॉवेल्सची वरची खोली.
दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. पत्रा तापलेला,
खाली चौदा माग एकदमच बोलतायत
आणि मी लॅपटॉपसमोर गुडघे टेकून.
चार वाजता रॉटरडॅमची पार्टी माल बघणार.

लॅपटॉपचा स्वतःचा डोळा गेल्या उन्हाळ्यातच गेला.
म्हणून शेठचा फोन स्टँडवर बांधलाय सुतळीनं.
फोनमधलं चित्र वायरीतून लॅपटॉपात उतरतं,
तिथं एक प्रोग्रॅम ते अंगावर घेतो
आणि कॅमेऱ्याचं सोंग करून उभा राहतो.
व्हर्च्युअल कॅमेरा म्हणजे काय गं, अंबादासशेठ विचारतात.
म्हणजे नसलेला, पण असल्यासारखा.
आमच्या सोसायटीचा चेअरमन, ते म्हणतात.

प्रोग्रॅमच्या खिडकीत सगळं झकास आहे:
निळ्या काठाचा टॉवेल, त्यावर शेठचा हात,
अंगठीतलं पोवळंसुद्धा दिसतंय.
शेजारी मीटिंगच्या खिडकीत काळा चौकोन.
कॅमेरा सापडला नाही.

चार बोटांचं अंतर.
अलीकडं आहे, पलीकडं नाही.

परवानग्या बघितल्या. दिलेल्या आहेत.
अँटिव्हायरसला घटकाभर गप्प बसवलं.
प्रोग्रॅम काढला, परत टाकला,
मशीन बंद केलं, चालू केलं,
चालू झाल्या झाल्या घाईनं मीटिंग उघडली, मग प्रोग्रॅम.
कॅमेऱ्यांची यादी खाली ओढली
तर त्यात एकच नाव, तो गेल्या उन्हाळ्यातला मेलेला.
तीन पस्तीस. शेठनी शेंगापोळीचा तुकडा पुढं केला,
मी तो खाल्ला, कीबोर्डवर चुरा सांडला,
तो फुंकताना रडू येईल असं वाटलं.

भिंतीशी राजेशममामा टॉवेलांच्या घड्या घालत होते.
वर न बघता म्हणाले,
हजेरीच्या टायमाला गेटवर नसंल तो.

कोण?

तुझा तो. सोंगाडी.
मी मिलमध्ये अकरा वर्षं बदली होतो ना.
भोंगा झाला की जॉबर नावं घ्यायचा, एकदाच.
कुणी आलं नसलं की त्याच्या जागी आपल्याला आत.
पण एक मिनिट उशीर झाला
की मग त्याच्या पुढ्यात उभे राहा, खोका, टोपी काढा,
त्याला तुम्ही दिसत नाही.
डोळे चांगले होते त्याचे. वही मिटलेली असायची.

बाकी काही बोलले नाहीत. बारा झाले, गठ्ठा बांधला.

मी मीटिंगची फुली दाबली.
ती जात नाही, खाली घड्याळाशेजारी दबा धरून बसते,
सकाळपासून तशीच बसलेली, तीच वही घेऊन.
तिथून तिला उपटून काढली.
आधी प्रोग्रॅम. आधी त्याचं बटण, कॅमेरा सुरू कर.
दहा आकडे मोजले.
मग मीटिंग.

यादीत दोन नावं.
खालच्यावर बोट ठेवलं आणि काळ्या चौकोनात
निळा काठ उगवला, थोडा थरथरत.
शेठ ओरडले, अगं अक्षरं उलटी!
काठात विणलेलं गुंडेटी खरंच उजवीकडून डावीकडं चाललं होतं.
आपल्यालाच उलटं दिसतं, शेठ. त्यांना सरळ.
त्यांचा पटकन विश्वास बसला नाही.
माझाही पूर्ण नव्हता.

चार वाजता पार्टी आली.
एक करडा चौकोन, त्यात दोन अक्षरं, आणि एक गोड आवाज.
शेठ माझ्या कानाशी वाकले: त्यांचा पण सापडंना काय?
सापडतो. बंद ठेवलाय.

राजेशममामांना पुढं बोलावलं.
टॉवेल दोन्ही हातांनी ताणून ते स्टँडसमोर उभे राहिले.
चौकटीत टॉवेल मावला, आणि दोन मनगटं.
आवाज म्हणाला, थोडं वर घ्या.
त्यांनी वर घेतलं.
मनगटंही गेली.